शबाना आझमी, संजय गांधी नगर आणि १९८६चं उपोषण

दिंडोशीकर

गेल्या आठवड्यात भाचा घरी आला होता. टीव्हीवर शबाना आझमीची मुलाखत लागली होती. त्याला ती 'नीरजा'मधली आई म्हणून माहीत. मी म्हटलं, "अरे, आपल्या मागच्या बाजूला जी वस्ती आहे ना, तिथली माणसं इथे यायला हिचाही हात आहे." त्याला खरंच वाटेना. सिनेमातली बाई आणि दिंडोशीची वस्ती, याचा काय संबंध? त्याला सांगायला बसले आणि लक्षात आलं की माझ्याच वयाच्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नाही. म्हणून हा धागा.

नरिमन पॉइंट, कफ परेडच्या भरावावर टॉवर उभे राहत होते तेव्हा ते बांधणारे मजूर तिथेच आजूबाजूला झोपड्या बांधून राहिले. बिगारी, गवंडी, विटा वाहणाऱ्या बायका. इमारती पूर्ण झाल्या, त्यांच्यात ऑफिसं आली, फ्लॅट आले. त्या फ्लॅटांमधली धुणीभांडी करायला, गाड्या पुसायला, पोरं सांभाळायला हीच माणसं जायची. वस्तीचं नाव संजय गांधी नगर. मुन्शिपालटीची गाडी यायची, झोपड्या तुटायच्या, गाडी गेली की त्याच पत्र्यांनी आणि बांबूंनी पुन्हा उभ्या राहायच्या. असं कितीदा झालं याचा हिशोब कुणी ठेवला नसेल. १९८६च्या मार्चमध्ये मात्र पूर्ण वस्ती साफ केली. ३००च्या आसपास कुटुंबं फुटपाथवर आली.

निवारा हक्क सुरक्षा समिती त्यांच्या बाजूने लढत होती. आनंद पटवर्धन त्यात होते. मुंबईतल्या झोपडीवाल्यांवरचा त्यांचा 'हमारा शहर' हा माहितीपट १९८५चा. तो पाहून शबाना या कामाकडे ओढली गेली. मग पटवर्धन, शबाना आणि वस्तीतली काही माणसं अशी सगळी मिळून बेमुदत उपोषणाला बसली.

यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. त्याच सुमारास मृणाल सेन यांचा 'जेनेसिस' कान महोत्सवात जाणार होता. तिची त्यात भूमिका होती, तिकडे जायचं ठरलेलं होतं. ते सोडून ती फुटपाथवर बसली. आई शौकत काळजीत. वडील, कम्युनिस्ट कवी कैफी आझमी, तेव्हा पाटण्याला होते. त्यांची तार आली: बेस्ट ऑफ लक, कॉम्रेड. ही आठवण तिने स्वतः बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. लेक उपाशी बसली आहे आणि बाप तब्येत सांभाळ असं न लिहिता कॉम्रेड म्हणतो. मला मुलगी आहे, मला हे जमलं नसतं.

उपोषण पाच दिवस चाललं. सिनेमातली मंडळी फारशी फिरकली नाहीत, पण शशी कपूर थेट मंत्र्यांपर्यंत गेले. तुम्हाला मदतनिधीला आमची माणसं लागतात तेव्हा आम्ही येतो, आता आमचं माणूस उपाशी बसलंय तर तुम्ही काही करणार की नाही, असं त्यांनी विचारलं. हेही तिनेच सांगितलेलं. शेवटी सरकारने पर्यायी जागा कबूल केली आणि ती मिळाली दिंडोशीला, गोरेगाव पूर्वेला.

आता माझ्या घरातलं. आम्ही दिंडोशीला राहायला आलो तेव्हा आमच्याकडे कामाला एक मावशी यायच्या. त्या मूळ त्याच वस्तीतल्या. इकडे आल्यावरही कितीतरी वर्षं त्या पहाटेच्या गाडीने चर्चगेटला जायच्या, कफ परेडच्या दोन घरांचं काम उरकायच्या आणि दुपारी आमच्याकडे यायच्या. डब्यात दोन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा आणि पिशवीत तळाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड. रोज. आईने एकदा विचारलं, कार्ड कशाला घेऊन फिरता? म्हणाल्या, "घर परत परत मिळतं वहिनी, कागद मिळत नाही." घर पक्कं झाल्यावरही ती सवय सुटायला खूप वर्षं गेली.

शबानाच्या सिनेमांवर भरपूर लिहून झालंय. या बाजूबद्दल कुणाला आणखी माहिती असेल तर इथे लिहा. भाच्याला हा धागा वाचायला देणार आहे.

जुनी_रीळ

फार चांगला धागा. फक्त एक सांगावंसं वाटतं. सिनेमा आणि ही बाजू वेगळी काढता येणार नाही, निदान तिच्या बाबतीत तरी.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून ती बाहेर पडली आणि १९७४ साली श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आला. लक्ष्मी ही गावातल्या जमीनदाराच्या घरी राबणारी बाई. नवरा मुका. पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार. पुढे 'अर्थ', 'खंडहर', 'पार' असे ओळीने तीन वर्षं आणि नंतर 'गॉडमदर'. एकूण पाच.

मला पुरस्कारांपेक्षा तिचं बसणं आठवतं. शहरात वाढलेली मुलगी, सेंट झेवियर्समध्ये मानसशास्त्र शिकलेली. 'अंकुर'मध्ये ती चुलीपुढे उकिडवी बसते तेव्हा तिचे गुडघे, पाठ, पदर खोचण्याची पद्धत यात कुठेही खोट दिसत नाही. असं बसणं एका दिवसात येत नाही. तासन्‌तास तशा बायकांकडे बघावं लागतं, त्यांच्यासारखं दुखवून घ्यावं लागतं.

'पार' (१९८४, गौतम घोष) ज्यांनी पाहिला असेल त्यांना शेवट आठवत असेल. गावातून परागंदा झालेलं जोडपं, ती गरोदर, खायला काही नाही. पोटासाठी डुकरांचा कळप नदीपार न्यायचं काम घेतात. नसीर आणि ती, दोघं पाण्यात, भोवती डुकरं. तो प्रसंग बघताना थिएटरमध्ये माझ्या शेजारचा माणूस हात घट्ट आवळून बसला होता. अशी भूमिका केलेल्या बाईला दोन वर्षांनी फुटपाथवर आलेली तशीच माणसं दिसली, तर ती काय करणार? परक्यासारखी बाजूने निघून जाईल?

आणि मराठी वाचकांसाठी 'दिशा'चं नाव घेतलंच पाहिजे. सई परांजपे यांचा, १९९०चा. गावातून मुंबईच्या गिरणीत आलेली माणसं, गाळ्यात दाटीवाटीने राहणारी. नाना पाटेकर, रघुवीर यादव, ओम पुरी, निळू फुले. शबाना त्यात विड्या वळायला जाते. गिरणी संपानंतर आठ वर्षांनी आलेला चित्रपट आहे हा. त्यावर मराठीत जितकं बोललं जायला हवं होतं तितकं बोललं गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आप्पा_गिरगाव

दिंडोशीकर, तुम्ही १९८६पासून सुरुवात केलीत. थोडं मागे जाऊ. मी तेव्हा फोर्टात नोकरीला होतो, त्यामुळे यातलं काही डोळ्यांनी पाहिलं आहे.

१९८१चा जुलै. ऐन पावसाळा. अंतुले मुख्यमंत्री. फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना उठवून बसमध्ये घालून शहराबाहेर नेऊन सोडायचा निर्णय झाला. भर पावसात ताडपत्र्या ओढून काढल्या जात होत्या. ओल्या गाद्या, स्टोव्ह, देवाच्या तसबिरी रस्त्यावर पडलेल्या. ऑफिसला जाताना आम्ही त्या चुकवत चालायचो. त्याची आज लाज वाटते, पण तेव्हा चुकवत चाललो हे खरं आहे. निवारा हक्क समितीचा जन्म त्या काळातला.

त्या कारवाईविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १० जुलै १९८५ला निकाल लागला. पाच न्यायमूर्तींचं पीठ, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, म्हणजे आपल्या पुण्याचेच. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नव्हे, काम जवळ असतं म्हणून. त्याला तिथून उठवलं की त्याचं काम जातं. हे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने मान्य केलं. पण त्याच निकालात असंही आहे की फुटपाथ राहण्यासाठी नसतात आणि नोटीस देऊन त्यांना हलवता येईल. पावसाळा जाईपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबा इतकंच.

म्हणजे तत्त्व मिळालं, घर नाही मिळालं. १९८६ला संजय गांधी नगर तुटलं ते या निकालानंतर. कोर्टाचा रस्ता तिथपर्यंत नेऊन संपला होता. उपोषणाची वेळ का आली ते या क्रमाने पाहिलं की कळतं.

आणखी एक. लोक नेहमी गल्लत करतात म्हणून लिहितो. दिंडोशीलाच मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत हजारो स्वस्त घरं उभी केली. ते वेगळं काम, कमी उत्पन्नाच्या नोकरदारांसाठीचं. निवारा हक्क वेगळं, झोपडीवाल्यांसाठीचं. दोन्हींच्या नावात निवारा आहे आणि दोन्हींचा पत्ता दिंडोशी, त्यामुळे घोटाळा होतो. दोन्ही कामांबद्दल मला आदर आहे.

सडेतोड

माझं मत वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं नोकरी करून, सोसायटीचं कर्ज फेडत डोंबिवलीला एक खोली घेतली. रोज दीड तास लोकलला लटकून गेले. त्यांच्यासाठी कुणी नटी उपोषणाला बसली नाही. ज्याने नियम पाळला तो डोंबिवलीला आणि ज्याने सरकारी जमिनीवर झोपडं बांधलं त्याला गोरेगावला घर, हे मला आजही पटत नाही. शबाना आझमी अभिनेत्री म्हणून थोरच. पण तिच्यामागे कॅमेरे येतात. कॅमेरे आले की सरकार झुकतं. हा मार्ग बरोबर आहे का?

दिंडोशीकर

सडेतोड, तुमच्या वडिलांचा त्रास मला कळतो. माझे बाबाही विरार लोकलवालेच होते. पण एक गोष्ट सांगते. त्या मावशी आमच्याकडे यायच्या आधी बारा वर्षं डोक्यावर विटांची पाटी घेऊन बांबूच्या परांचीवर चढल्या होत्या. ज्या टॉवरमध्ये त्या नंतर भांडी घासायला जात, त्यातल्या एकाच्या विटा त्यांनी वाहिल्या होत्या. कितव्या मजल्यापर्यंत तेही त्यांना सांगता यायचं. बांधकाम चालू असताना कंत्राटदाराला त्या तिथेच राहायला हव्या होत्या, कारण मजूर जवळ असला की काम लवकर उरकतं. काम झालं आणि त्या अतिक्रमण झाल्या. तुमच्या वडिलांना घरासाठी कर्ज तरी मिळालं. हिला कर्ज कोण देणार होतं?

कैफी आझमींची 'मकान' नावाची कविता आहे. इमारत बांधून झाली की बांधणाऱ्यालाच बाहेर काढतात, त्या मजुराच्या तोंडची. शबाना लहानपणापासून ती ऐकत आली. संजय गांधी नगर म्हणजे ती कविताच होती, फक्त माणसं खरी होती.

आणि कॅमेऱ्यांबद्दल. हो, तिच्यामुळे कॅमेरे आले. तिच्याकडे द्यायला तेच होतं, तिने ते दिलं.

नकाशा

मी नगररचनेचं शिक्षण घेतलंय आणि झोपडपट्टी पुनर्वसनात काही वर्षं काम केलंय. त्यामुळे उपोषणाच्या पुढचं लिहितो, कारण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. उपोषण पाच दिवसांत सुटतं, घर मिळायला पाच-दहा वर्षं लागतात. पाच दिवसांचा फोटो निघतो. पुढच्या वर्षांमध्ये असतात पात्रता याद्या, सोसायटीची नोंदणी, पाण्याची जोडणी, कोणाचं नाव गाळलं, कोणी दुसऱ्याच्या नावावर घुसलं. तिथे नामवंत मंडळी सहसा राहत नाहीत. शबाना राहिल्या, हे मी या क्षेत्रातल्या माणसांकडून वारंवार ऐकलंय.

सर्वांत मोठं उदाहरण चांदिवलीच्या संघर्षनगरचं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं काढावीत म्हणून पर्यावरणवाद्यांची याचिका १९९५ची. उच्च न्यायालयाचा आदेश १९९७चा. त्यानंतर हजारो झोपड्या तुटल्या. १ जानेवारी १९९५च्या आधीचा पुरावा असेल त्यालाच पर्यायी जागा आणि तीही ७००० रुपये भरल्यावर. रोजंदारीवरच्या माणसाला ७००० म्हणजे काय हे तेव्हा फार कमी लोकांनी लक्षात घेतलं. निवारा हक्क, वास्तुविशारद पी. के. दास आणि शबाना यांनी लावून धरलं की ही माणसं शहराबाहेर फेकली जाता कामा नयेत. चांदिवलीला जुन्या दगडखाणीची जागा होती. विकासक तिथे घरं बांधून देणार आणि त्याला मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जास्तीचं बांधकाम करायचा हक्क, मिळणार, अशी योजना झाली. सुमारे १२ हजार घरं. प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचं.

या योजनेवर टीका करायला जागा आहे आणि मी करतो. टीडीआरमधून बिल्डर गब्बर होतो. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या राहतात की खालच्या मजल्यांना ऊन लागत नाही. मोरीला खिडकी नसली की भिंत कायम ओली. माणूस झोपडीतून पक्क्या घरात येतो आणि तिथे क्षयाने आजारी पडतो, हे मुंबईच्या अनेक पुनर्वसन वसाहतींमध्ये झालंय. झोपडीला निदान ओटा असतो. पापड वाळत घालायला, शिलाई मशीन ठेवायला, म्हाताऱ्याला बसायला. चौथ्या मजल्यावर तो ओटा जातो आणि त्याबरोबर घरातल्या बाईची कमाईही जाते. नकाशात हे दिसत नाही, मी नकाशे काढले आहेत म्हणून सांगतो. पण १२ हजार कुटुंबांना मुंबईतच, कामाच्या टप्प्यात घर मिळालं. त्या काळात दुसरा कोणताही पर्याय समोर नव्हता.

तो २२५ चौरस फुटांचा आकडा मला कायम टोचतो. शबाना लहान होत्या तेव्हा कैफी आणि शौकत मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या रेड फ्लॅग हॉलमध्ये राहायचे. आठ कुटुंबं, प्रत्येकाला एक खोली आणि सगळ्यांत मिळून एक मोरी, एक संडास. त्या खोलीचं माप शबानांनी सांगितलंय: २२५ चौरस फूट. चाळीसेक वर्षांनी सरकारने गरिबाच्या घरासाठी ठरवलेलं मापही नेमकं तेवढंच. चटईक्षेत्राचा तो आकडा कुणी टेबलावर वाचला तर तो आकडाच असतो. शबानांना मात्र तेवढ्या जागेत चूल कुठे, अंथरूण कुठे, पाहुणा आला तर कोण कुठे झोपणार, हे सगळं आठवत असणार.

मंजिरी_पुणे

'नकाशा' यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. ओट्याबद्दल लिहिलंत ते फार पटलं. माझी आजी ओट्यावर बसूनच वाती वळायची आणि विकायची.

मला 'अर्थ'बद्दल लिहायचंय. १९८२चा, महेश भट्ट यांचा. नवरा दुसऱ्या बाईसाठी सोडून जातो आणि शेवटी परत येतो, तेव्हा पूजा त्याला घेत नाही. हेच सगळं मी केलं असतं तर तू मला परत घेतलं असतंस का, असं ती विचारते. तो नाही म्हणतो. ती निघून जाते. आज हे साधं वाटेल, पण तेव्हा वितरकांना वाटत होतं की असा शेवट चालणार नाही, बाईने नवऱ्याला माफ केलं पाहिजे. चित्रपट चालला. शबानाने सांगितलंय की त्यानंतर तिच्याकडे बायका यायला लागल्या आणि त्या चाहत्या म्हणून येत नव्हत्या. त्या आपल्या लग्नातलं सांगायला यायच्या, आता मी काय करू हे विचारायला. ती घाबरली, कारण उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिथून ती स्त्री चळवळीकडे वळली.

माझी मावशी त्या काळात नवऱ्याचं घर सोडून आली होती. तिने 'अर्थ' तीनदा पाहिला, एकटीने, दुपारच्या खेळाला. घरी कुणाला सांगितलं नाही. मला हे ती गेल्यावर तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

आणि कॅमेऱ्यांचा मुद्दा आलाच आहे तर हेही बघा. १ जानेवारी १९८९ला साहिबाबादजवळ पथनाट्य चालू असताना नाट्यकर्मी सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्याच महिन्यात दिल्लीत सरकारचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होता. शबाना त्या मंचावर गेली आणि तिथेच निषेध वाचला. आदल्याच वर्षी पद्मश्री मिळालेली. सरकारच्याच मंचावरून सत्ताधारी पक्षाच्या माणसांवर बोट ठेवायचं, यात मिळण्यासारखं काहीच नव्हतं, गमावण्यासारखं पुष्कळ होतं. त्याच वर्षी स्वामी अग्निवेश आणि असगर अली इंजिनियर यांच्याबरोबर ती जातीय सलोख्यासाठी दिल्लीहून मेरठला चालत गेली.

'फायर' या दोन बायकांच्या प्रेमावरच्या चित्रपटाच्या वेळी, डिसेंबर १९९८मध्ये, मुंबईत थिएटरं फोडली गेली, तेव्हा ती राज्यसभेत होती. 'वॉटर'मधल्या विधवेच्या भूमिकेसाठी डोकं भादरलं, वाराणसीत विरोधकांनी सेट मोडला आणि चित्रपटच हातातून गेला. पण मला वैयक्तिक सर्वांत जवळची वाटते ती टीव्हीवरची छोटी जाहिरात, एड्सबद्दलची. स्पर्शाने रोग पसरत नाही, प्रेम पसरतं, असं सांगणारी. त्या वेळी आमच्या वाड्यात एका घरातला मुलगा आजारी होता आणि लोक त्या घरचं पाणीही पीत नव्हते. जाहिरात लागली की माझी आई आवाज मोठा करायची, मुद्दाम, खिडकी उघडी ठेवून.

जुनी_रीळ

मंजिरी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

स्मिता पाटीलचं नाव कुणीतरी काढेलच म्हणून आधीच लिहितो. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा तिचा झोपडपट्टीतला 'चक्र' १९८१चा. आप्पांनी सांगितलेली ती बसगाड्यांची कारवाईही त्याच वर्षाची. स्मिताही मुंबईच्या महिला केंद्राशी जोडलेली होती. संजय गांधी नगरचं उपोषण झालं त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती गेली, ३१ वर्षांची. दोघींत कोण मोठी हा वाद मला नेहमी नकोसा होतो. त्या पिढीतल्या दोघींनाही वाटलं की पडद्यावर जिचं दुःख वापरलं तिचं आपण काही देणं लागतो. एकीला त्यासाठी वेळ मिळाला, दुसरीला नाही.

सडेतोड

सगळे प्रतिसाद वाचले. माझं जमिनीबद्दलचं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. १९९५, मग २०००, अशा तारखा पुढे ढकलत जाणं मला अजूनही चुकीचं वाटतं. पण कंत्राटदाराला मजूर जवळ हवा असतो हा मुद्दा मी कधी धरलाच नव्हता. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं काम आता चालू आहे. मजूर खाली पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, पोराबाळांसकट. काल संध्याकाळी पहिल्यांदा खाली उतरून विचारलं, काम संपल्यावर कुठे जाणार? त्यांनाच माहीत नव्हतं. वडिलांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आप्पा_गिरगाव

सडेतोड, खाली उतरून विचारलंत, बरं केलंत. शेडमधल्या पोरांची शाळेत नावं आहेत का तेही बघा. महापालिकेच्या शाळेत वर्षाच्या मध्येही दाखल करून घेतात. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. काही अडलं तर मला निरोप करा, मी हे काम करतो.

दिंडोशीकर, त्या मावशी आता कुठे असतात? त्यांना ते उपोषण आठवतं का?

दिंडोशीकर

आप्पा, तुमच्या प्रश्नामुळे काल संध्याकाळी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन आले. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण आठवण पक्की आहे. सून आणि नातू बरोबर असतात. नातू बँकेत लागलाय.

उपोषणाचं विचारलं तर त्यांनी भाषणांबद्दल, मंत्र्यांबद्दल काही सांगितलं नाही. त्यांना आठवत होती चूल. पोराबाळांना तर खायला घालायलाच लागायचं. पण माणसं उपाशी बसलेली असताना तिथे फोडणी कशी घालायची? म्हणून बायकांनी चुली उचलून पार लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेल्या. पाच दिवस तिथे कुणी कांदा भाजला नाही, सुकट भाजली नाही. नुसता भात आणि मीठ. पोरं रडायची, सुकट मागायची, त्यांना दटावून गप्प करायचं.

मी विचारलं, शबाना आझमी कोण हे तेव्हा माहीत होतं का? म्हणाल्या, "छे गं. शिनेमा बघायला कुठे जातोय आम्ही. कोणतरी शिकलेली बाई आहे, आपल्यासाठी बसलीय, येवढंच." मग दिंडोशीला आल्यावर काही वर्षांनी शेजारच्या खोलीत टीव्ही आला. रात्री सगळ्या जणी दारात बसून सिनेमा बघत होत्या. कोणता होता ते त्यांना सांगता येईना. नदी होती म्हणाल्या, डुकरं होती आणि एक पोटुशी बाई पाण्यात उतरत होती.

"मी ओरडलेच, अगं ही बघा, ही आपली उपोषणवाली बाई! ही कशाला पाण्यात शिरली?"